खालच्या मजल्यावरच्या काकांना एक फोन करा

कोपरखैरणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, एक काम सांगायचंय. फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणून विषय बदलता, म्हणून पत्र.

आपल्या खालच्या मजल्यावरचे काका, तुमच्या हमालांच्या टोळीतले. त्यांची लेक बारावी झाली. दहावीपर्यंत महापालिकेच्या शाळेत, माझ्यासारखीच. सीईटीला चांगले मार्क पडलेत, इंजिनिअरिंगला नक्की नंबर लागेल. पण काका म्हणतात, लाखभर फी कुठनं आणू? मी फी माफीचं सांगितलं, तर म्हणाले, ‘अर्ज करायचा म्हणजे हात पसरायचा.’

हे तुमचंच वाक्य, बाबा. माझ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तुम्ही तीन खाडे केलेत, ठाण्याच्या तहसील कार्यालयात उभे राहिलात. तिसऱ्या दिवशी दाखला बंडीच्या खिशात चार घड्या घालून आणलात, घामाने शिक्क्याची शाई पसरली होती. पण फी माफ झाल्याचं कांदा-बटाटा मार्केटात कुणाला सांगितलं नाहीत. साठ जागांच्या वर्गात माफीच्या फक्त तीन जागा जास्तीच्या असतात, पाच टक्के. त्याही मार्कांवर मिळतात. मला कुणी दया म्हणून दिली नव्हती. हे तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं.

आई, तुला तर माहीतच आहे, शिक्षण शुल्क सुटलं तरी विकास शुल्क, बसचा पास, ड्रॉइंगचं सामान होतंच. तुझ्या पाटल्या दोन वर्षं सोनाराकडे होत्या. त्या दिवसांत तू पदराखाली हात झाकून बसायचीस, ते मला दिसायचं.

आता मुलींसाठी नियम बराच बदललाय. 2024-25 पासून, घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा आरक्षणातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मंच माफ व्हायचं. तिथे तीन जागांचा हिशेब नाही. फक्त प्रवेश सरकारी फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको, आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, अर्ज वेळेत जायला हवा. काकांची कागदपत्रं मी पाहिलीत. ओबीसीचा दाखला आहे, उत्पन्न मर्यादेत असल्याचं नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र तेवढं काढायचंय. अर्ज मी भरून देईन. विकास शुल्क माफ नसतं, ते पहिल्या वर्षी मी भरणार आहे. यावर तुम्ही नाही म्हणू नका.

माझं काका ऐकत नाहीत, पोरगी म्हणून हसतात. तुमच्याबरोबर वीस वर्षं गोण्या उचलल्यात त्यांनी, तुमचं ऐकतील. माझी फी माफ होती हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. रविवारी काका घरी असतात, सकाळीच फोन करा. आई, तूही काकूंशी बोल.

तुमची,
ताई