चूक खासगीत सांगणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही, तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ज्यांनी माझी चूक चव्हाट्यावर मांडली त्यांनाही तुम्ही काय केलेत ते कळावे, असे मला मनापासून वाटते.

इन्स्टाग्रामवर २०२० मध्ये रील आल्या आणि पाठीशी संस्था नसलेल्या आमच्यासारख्या ऑनलाइन भाषाशिक्षकांना विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली. पण तिथे शिकवणे आणि स्वतःची जाहिरात इतकी एकमेकांत मिसळलेली असते की एखादा चुकलेला उच्चारही पोटावर येतो. 'सुंदर' या अर्थाचा जर्मन शब्द 'श्योन' मी एका रीलमध्ये 'शोन' असा उच्चारला, म्हणजे अर्थ झाला 'आधीच'. ज्या शिक्षकांच्या ग्रुपवर मी वर्षभर माझ्या सरावपत्रिका हातचे न राखता देत होते, तिथल्याच काहींनी तेवढा तुकडा कापून आपापल्या पानावर लावला आणि त्याखाली स्वतःच्या वर्गाची जाहिरात केली. मला आधी एका शब्दाने सांगावे, असे कुणालाही वाटले नाही.

त्याच रात्री तुमचा व्हॉइस मेसेज आला, जेमतेम ४० सेकंदांचा. "जीभ 'ए' म्हणताना असते तशीच राहू द्या, ओठ मात्र 'ओ'सारखे गोल करा," असे सांगून तुम्ही तो शब्द तीनदा सावकाश म्हटलात आणि शेवटी म्हणालात, "माझाही हाच शब्द पहिली दोन वर्षं चुकत होता." हेच तुम्ही माझ्या रीलखाली लिहिले असते तर तुमचे ज्ञान चारचौघांना दिसले असते, आणि विद्यार्थी तर तुम्हालाही हवेच असतात. तरीही तुम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळेच खाते बंद करण्याचा विचार सोडून मी दुसऱ्या दिवशी चूक कबूल करणारी नवी रील टाकू शकले.

आमच्या कामात शिक्षकखोली नसते, शेजारची खुर्ची नसते. सहकारी भेटतात ते कॉमेंटमध्ये आणि इनबॉक्समध्येच, म्हणून तिथला साधा सभ्यपणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे तुमची तुकडी भरल्यावर तुम्ही दोन विद्यार्थिनी माझ्याकडे पाठवल्यात, त्याबद्दलही मी ऋणी आहेच. तो मेसेज मात्र मी जपून ठेवला आहे, आणि नव्या तुकडीला 'श्योन' शिकवण्याआधी दर वेळी एकदा ऐकते.

आपली कृतज्ञ,
एक जर्मन शिक्षिका