शत्रूच नव्हता, मग शौर्य चक्र कशाचं?

पर्थ, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही प्रश्न विचारलात आणि नेमकी तिकडची लाइट गेली. पुन्हा फोन लागला तेव्हा आईनं लसणाच्या चटणीचा विषय काढला, आणि एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारणाऱ्या दिलीप दोंदेंबद्दलचा तुमचा प्रश्न राहूनच गेला. "लढाई नाही, शत्रू नाही, मग शौर्य चक्र कशाचं? बोट चालवल्याचं?" एसटी चालवताना चेकरला उत्तर देताना तुमच्या आवाजाला जी धार यायची, तीच. म्हणून लिहायला बसले. शिवाय फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

विषय निघाला होता फ्रीमँटलवरून. इथून लोकलनं अर्ध्या तासावर ते बंदर आहे. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो, त्याला इथले लोक 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. (आई, गुडघ्यासाठी उपयोग नाही, विचारू नकोस.) २००९ साली मुंबईहून निघालेली एक शिडाची बोट पहिल्यांदा थांबली ती या बंदरात. बोटीवर माणूस एकच, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. जगाची प्रदक्षिणा करायला निघाले होते.

आता गंमत ऐका. ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते आपल्या शेजारचे. विंचुर्णीचे आवटी! व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी, निवृत्तीनंतर फलटणजवळ येऊन राहिलेले, २०१८ ला गेले. आपल्याकडून समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं, आणि तिथे बसून हा माणूस म्हणत होता की एखाद्या भारतीयानं एकट्यानं, शिडाच्या बोटीतून, पृथ्वीला फेरी मारलीच पाहिजे. आवटींनी ७१ची लढाई पाहिली होती. बंगालच्या उपसागरात 'कामोर्ता' जहाज त्यांच्या हाताखाली होतं, त्यासाठी वीर चक्र मिळालं. म्हणजे शत्रू समोर असताना काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं. आणि तरी त्यांना वाटलं की हेही काम त्याच तोडीचं आहे.

२००६ साली दोंदे या कामासाठी पुढे आले. ते मुळात नौदलातले पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली जाऊन काम करणारे. एकट्यानं महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांना नव्हता, देशात फारसा कुणालाच नव्हता. आणि बोटही नव्हती! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रज दर्यावर्दीच्या शर्यतीच्या तयारीत राबून ते धंदा शिकले. याच नॉक्स-जॉन्स्टननी १९६९ मध्ये कुठेही न थांबता पहिली एकट्याची प्रदक्षिणा पुरी केली होती, आणि त्यांची 'सुहैली' बोट बांधली होती आपल्या मुंबईत, सागवानाची.

मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बोट बांधायला घेतली. आराखडा डच, लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास, लांबी ५६ फूट. दांडेकरांनी अशी बोट आधी कधी केली नव्हती. ज्यानं बांधली नाही तो बांधणार, ज्यानं चालवली नाही तो चालवणार. मला विचाराल तर निम्मं धैर्य इथेच खर्च झालं असणार. दोंदे कारखान्यात ठाण मांडून असायचे, कारण भर समुद्रात काही मोडलं तर मेकॅनिक तेच, सुतार तेच, वायरमन तेच. फेब्रुवारी २००९ मध्ये बोट नौदलात आली. नाव 'म्हादेई', मांडवी नदीचं मूळ नाव. मग मॉरिशसपर्यंत जाऊन येताना परतीचा प्रवास त्यांनी एकट्यानं केला. ती परीक्षाच म्हणा.

१९ ऑगस्ट २००९ ला मुंबईतून निघाले. अशा प्रदक्षिणेचे नियम कडक आहेत. निघालात त्याच बंदरात परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त दोनदा तरी ओलांडायचं, सुएझ-पनामासारख्या कालव्यातून जायचं नाही, आणि किमान २१,६०० सागरी मैल, तेही शिडांच्या जोरावर. फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंडमधलं पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन, एवढेच चार थांबे.

मागच्या महिन्यात आम्ही केप लीविनला गेलो होतो. या देशाचं नैर्ऋत्य टोक. १८९५ सालचा पांढरा दीपस्तंभ आहे, आणि खाली एक पाटी: इथे हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर भेटतात. पाण्यात काही रेघ दिसत नाही म्हणा. पण वाऱ्यानं माझी ओढणी जी उडाली ती गेलीच, मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी. दहा मिनिटांत गाडीत येऊन बसले. दोंदे या टोकाला वळसा घालून पुढे न्यूझीलंडकडे गेले, आणि तिथून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नकडे. तिथे मधे जमीनच नाही, त्यामुळे लाटा पृथ्वीभर अडल्याशिवाय वाढत येतात. सलग झोप नाही. थोडा वेळ डुलकी, उठून शीड बघायचं, दिशा बघायची, पुन्हा डुलकी. मदत मागितली तरी पोचायला कितीतरी दिवस.

२२ मे २०१० ला मुंबईत स्वागत झालं तेव्हा उपराष्ट्रपती हमीद अन्सारी आले होते. त्याच वर्षी शौर्य चक्र. बाबा, तुमच्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर असं की परमवीर, महावीर, वीर ही शत्रूसमोरची चक्रं. अशोक, कीर्ती, शौर्य ही शत्रू समोर नसतानाची. म्हणजे आवटींचं वीर चक्र आणि दोंदेंचं शौर्य चक्र एकाच पायरीवरची. पुढे त्याच म्हादेईवरून नौदलाचेच अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले, त्यांना कीर्ती चक्र मिळालं. आणि २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी 'तारिणी' घेऊन गेल्या. त्यांना तयार करण्यात दोंदेंचा हात होता, आणि बोट पुन्हा दांडेकरांचीच.

पण हे तुम्हाला पटणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, "काही घडलं तर नाही ना?"

नाहीच घडलं. बाबा, तुम्हाला पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा एसटीचा बिल्ला मिळाला, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. "काही घडलं नाही म्हणून दिलाय." मुक्कामी गाडीवर निघण्याआधी तुम्ही चाकांभोवती फिरून एकेका टायरवर हात मारायचात, ब्रेक दोनदा बघायचात, आणि आई डब्यासोबत जुन्या कापडाची चिंधी द्यायची, काच पुसायला. पावसात घाटातून पन्नास माणसं मागे झोपलेली आणि तुम्ही एकटे जागे. मी लहानपणी समजायचे, ड्रायव्हरला नुसतं बसायचं असतं.

तो बिल्ला आईच्या शिवणयंत्राच्या उजव्या खणात आहे, बॉबिनच्या डबीखाली. मी मागच्या दिवाळीत पाहिला. आई, तो काढ, चिंचेनं घास आणि फोटो पाठव. बाबांना विचारू नकोस, ते नको म्हणतील.

गुडघ्याची तारीख घेतली का ते कळवा. मी डिसेंबरात येतेय.

तुमची,
ताई