प्रश्नावलीपेक्षा उचलीची वही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली-तासगावचा बेदाणा, हळद, द्राक्षे आणि कुपवाड-मिरजेत बनणारे यंत्रांचे सुटे भाग परदेशी जातात. तिकडच्या ग्राहकांची एक प्रश्नावली आता लहान उद्योजकांच्या टेबलावरही येऊ लागली आहे : तुमच्याकडे किंवा तुमच्या पुरवठादारांकडे सक्तीने काम करून घेतले जाते का? ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना याविषयी दरवर्षी निवेदन द्यावे लागते. सक्तीच्या श्रमातून बनलेल्या मालावर युरोपीय संघात 14 डिसेंबर 2027 पासून बंदी लागू होणार आहे आणि कंपनी लहान आहे म्हणून त्यातून सूट नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा 'नाही' वर खूण होते, शिक्का बसतो आणि कागद परत जातो. मालकाने स्वतःच्या शेडपुरते पाहिलेले असते. ठेकेदाराची आणि मुकादमाची वही त्याने कधी उघडलेली नसते.

आपल्या भागात माणूस अडकतो तो उचलीत, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत. गूळ पावडर करणाऱ्या छोट्या उद्योगाचे उदाहरण घ्या. तो गुऱ्हाळाकडून गूळ घेतो, गुऱ्हाळाला ऊस तोडून देणारी टोळी मुकादमाने आणलेली असते. समजा एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोला मिळून, एक लाख उचल दिली. टनाला साडेतीनशे रुपये धरले आणि दोघांनी दिवसाला दोन टन तोडले तरी दिवसाचे सातशे होतात. 130 दिवस एकही खाडा न करता 91 हजार. त्यात आठवड्याची खर्ची मुकादमाकडूनच घेतलेली, आजारपण झाले तर तेही त्याच्याच नावे. हंगाम संपताना अंगावर बाकी निघते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते. बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, त्यामुळे तिचा हिशेब मागायलाही कागद नसतो.

वीटभट्टीवर हेच हजारीच्या, म्हणजे हजार विटांमागच्या, दराने चालते. अवकाळी पाऊस झाला आणि थापलेली कच्ची वीट विरघळली की त्या विटांची मजुरी धरत नाहीत. नुकसान भट्टीमालकाच्या धंद्याचे, पण ते चढते थापणाऱ्याच्या उचलीवर. शेडचे बांधकाम काढणाऱ्या कारखानदाराने विटांचा दर ठरवताना 'भिजलेल्या विटांची मजुरी कोण सोसतो?' एवढा एकच प्रश्न विचारला तरी भट्टी कशी चालते ते कळते.

उचल देणे हा गुन्हा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तिच्या बदल्यात माणसाचा काम सोडण्याचा, दुसरीकडे काम करण्याचा किंवा कुठेही जाण्या-येण्याचा हक्क काढून घेतला की ती बंधबिगार होते. 1976 च्या बंधबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच ठरते, ते वसूल करणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. कर्ज तशा स्वरूपाचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीसुद्धा संविधानाच्या कलम 23 प्रमाणे सक्तीच होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. आणखी एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते : कामावर येण्यासाठी प्रवासखर्च म्हणून दिलेली उचल मजुरीतून कापताच येत नाही. ओडिशा-बिहारमधून मुले आणणारे ठेकेदार नेमकी हीच रक्कम पहिल्या दोन-तीन पगारांतून कापतात.

आता कारखान्याच्या आतले. ठेकेदाराचा दर हाच सगळ्यात बोलका पुरावा आहे. जिथे पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहे तिथे किमान वेतनावर मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्चासह 13 टक्के, ईएसआय 3.25 टक्के आणि किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे साडेचोवीस टक्क्यांच्या वर खर्च येतो. रजेचा पगार आणि ठेकेदाराचे कमिशन त्याहून वेगळे. अशा ठिकाणी 'किमान वेतन अधिक दहा टक्के' असा दर कोणी दिला तर उरलेले पैसे मजुराच्या खिशातून जाणार हे उघड आहे. असा दर मान्य करणारा खरेदी अधिकारी त्या लुटीत सामील होतो, मग भिंतीवर कितीही चांगले धोरण टांगलेले असो. किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईनुसार ठरणारा भाग) दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. करारात तो आपोआप वाढेल असे लिहिलेले नसेल तर जुलैपासून मजुराला कमीच मिळते.

दुसरी चूक बिलाची. मजुराचा पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा आणि ठेकेदाराचे बिल मात्र नव्वद दिवसांनी निघते. मधले दिवस ठेकेदार व्याजाने पैसे उचलतो किंवा पगार थांबवून 'आत्ता दोन हजार घे' म्हणतो, आणि ते दोन हजार पुन्हा उचलीत लिहिले जातात. बिलातला मजुरीचा भाग वेगळा काढून पाच तारखेला द्यावा, कमिशन नंतर दिले तरी चालेल. त्याबरोबर त्या महिन्याची बँकेची पगारयादी मागावी.

तपासणीला मोठी यंत्रणा लागत नाही. हजेरीपत्रक, उचलीची वही आणि बँकेची यादी शेजारी ठेवा. सगळ्यांचे 26 दिवस भरलेले, महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने केलेल्या, वहीत जमेची बाजू रिकामी किंवा तीन मजुरांचे पगार एकाच खात्यात, यातले काहीही दिसले तर थांबून विचारा. मग यादीतून पाच नावे स्वतः निवडा, कारण ठेकेदाराने पुढे केलेली माणसे पढवलेली असतात. मुकादम चहाच्या निमित्ताने जवळ उभा राहिला की उत्तर 'सगळं बरं आहे' असेच येते. म्हणून कामाच्या जागेपासून दूर, त्यांची भाषा येणाऱ्या माणसाकरवी बोला. बायकांशी बाईने बोलावे. विचारायचे साधे : उचल किती घेतली, किती फिटली, हे कोणी लिहून दिले का? आधार आणि एटीएम कार्ड कोणाजवळ आहे? उद्या गावी जायचे म्हटले तर जाता येईल का? मुले कुठे आहेत? एटीएम कार्ड ठेकेदाराकडे असेल तर बँकेतून पगार होऊनही उपयोग शून्य. बँकेची यादी पाहून समाधान मानणारे इथेच फसतात.

किराण्याची उधारी हा उचलीचा धाकटा भाऊ आहे. परजिल्ह्यातल्या आणि परराज्यातल्या पात्र कार्डधारकांना 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत इथल्या रेशन दुकानात अंगठ्यावर धान्य मिळते. कारखान्याने टोळी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ही सोय लावून दिली तर मुकादमाच्या ओळखीच्या दुकानातली वही बरीच हलकी होते.

काही आढळलेच तर पुरवठादाराला लगेच फोन करू नये. रात्रीत टेम्पो भरून टोळी हलवली जाते आणि मजुरीही बुडते. ऑर्डर तडकाफडकी तोडल्यानेही हेच होते. 'उरलेली उचल आम्ही भरतो, त्यांना सोडा' अशी तडजोडही नको, कारण रद्द झालेले कर्ज वसूल करायला त्यातून मदतच होते. आधी लेखी माहिती जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयाला द्यावी. चौकशीनंतर तिथून मजुराला बंधबिगारीतून सुटल्याचे मुक्ती प्रमाणपत्र मिळते आणि पुनर्वसनाची मदत त्याच कागदावर अवलंबून असते. केंद्राच्या योजनेत ती पुरुषाला 1 लाख, स्त्री व बालकाला 2 लाख आणि अतिगंभीर प्रकरणात 3 लाख रुपये आहे. पूर्ण रक्कम खटल्यात दोष सिद्ध होण्याशी जोडलेली असल्याने पुरावे पहिल्याच दिवशी नीट नोंदवावे लागतात. लहान मूल कामावर दिसले तर 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

बंधबिगार कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर त्यावर लक्ष ठेवणारी दक्षता समिती असलीच पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांना विनंती, की दसऱ्याच्या सुमारास टोळ्या येण्याआधी या समित्यांच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक कुपवाड, मिरज, पलूसच्या औद्योगिक वसाहती, साखर कारखान्यांची गट कार्यालये, बेदाणा शेड आणि बाजार समितीच्या आवारात मराठी, हिंदी व कन्नडमध्ये लावावेत. उद्योजक संघटनांनी आपापल्या सभासदांसाठी उचलीच्या पावतीचा एक साधा नमुना छापावा : रक्कम, तारीख, परतफेडीचे हप्ते, 'व्याज नाही' आणि 'काम सोडण्यास आडकाठी नाही' ही दोन वाक्ये, आणि एक प्रत मजुराच्या हातात.

आपला विश्वासू,
लघुउद्योगांच्या कामगारविषयक नोंदी तपासणारा एक सल्लागार
कुपवाड, जि. सांगली