मनातले मांडे खाऊ द्या की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने एकच धोशा चाललाय, फोकस कसा वाढवायचा, मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून काय करायचं, उठल्यापासून झोपेपर्यंत मिनिटामिनिटाचं टाइमटेबल कसं आखायचं. वाचते मी सगळं, एकदा करूनही बघितलं, चार दिवस टिकलं. पण परवा मुलीच्या वहीत शेरा आला, "वर्गात लक्ष नसते, खिडकीबाहेर बघत बसते", तेव्हा म्हटलं आता आपणच लिहूया.

कारण ही सवय तिला कुठून आली ते मला चांगलं माहितीये. मी १९ वर्षं अकाउंट्समध्ये आहे. व्हाउचर, एन्ट्री, महिनाअखेर, की परत एक तारीख. काम वाईट नाही हो, पण हात आपोआप चालायला लागले की डोक्याने काय करायचं? माझं डोकं एका दीपगृहात जातं. खरं दीपगृह मी आयुष्यात आतून बघितलेलं नाही, हे माझं स्वतःचं आहे, ११२ पायऱ्या आहेत, चाळिसाव्या पायरीपाशी भिंत गळते आणि ती गळती मी गेली सात वर्षं बुजवतेय, पूर्ण बुजवत नाही कारण बुजली तर मग उद्या काय करू. रात्री लांबून एखादं जहाज जातं, त्याला दिवा दाखवते, बस्स, राजपुत्र वगैरे कोणी येत नाही. (हे घरी कोणालाच सांगितलेलं नाही, मिस्टरांनाही नाही. म्हणून प्लीज नाव छापू नका, ऑफिसात तुमचाच पेपर येतो.)

मनातले मांडे, हवेतले इमले, शेखचिल्ली... आपल्याकडे याला जे शब्द आहेत ते बहुतेक टोमणेच. त्यातल्या त्यात मनोराज्य जरा इज्जतीचा, निदान राज्य तरी आपलं असतं.

तुम्ही लोक अभ्यासांचे दाखले देता म्हणून मी पण देते. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोघांनी २,२५० माणसांना फोनवरून दिवसातून मधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठेय, कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच! आणि भटकणारं मन दुःखी असतं हा त्यांचा निष्कर्ष सगळीकडे गाजला. पण त्याच पेपरात असंही आहे की मन आवडत्या गोष्टींकडे गेलेलं असेल तर माणूस कामात लक्ष असताना असतो त्यापेक्षा काही कमी सुखी नव्हता, खाली खेचलं ते बाकीच्या विचारांनी, सगळ्यात जास्त नकोशा विचारांनी. आनंद वाढलाही नव्हता, ते लपवत नाही. मला तर ते अगदी पटतं, दीपगृहात जाऊन मी काही नाचत नाही, फक्त पाच वाजतात.

दुसरा प्रयोग २०१४ चा, अमेरिकेतलाच. माणसांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं, सोबत फक्त स्वतःचे विचार, आणि हवा असेल तर विजेचा हलका झटका घ्यायला एक बटण. आधी हेच लोक म्हणाले होते की झटका टाळायला आम्ही पैसे देऊ. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं. मला हसू आलं, मग आठवलं की लिफ्टमध्ये दोन मजल्यांपुरती पण मी मोबाइल काढते. तेच की ते बटण. पूर्वी रांगेत, बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना दीपगृहात एक चक्कर व्हायची, आता तेवढ्यात चार रील्स होतात, म्हणजे दिवास्वप्नंसुद्धा दुसऱ्यांनी तयार केलेलीच बघायची.

दिवास्वप्नांचा अतिरेक होतो हे पण मान्य. काहींचे तासन् तास त्यात जातात, झोप नाही, काम नाही, माणसं नकोशी होतात. मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये त्याला वेगळं नावच दिलं, तिथे मदत घ्यायलाच हवी. आणि मीही साळसूद नाही, एकदा जहाजाला दिवा दाखवता दाखवता रकमेत एक शून्य जास्त पडलं आणि बँक रिकन्सिलिएशन काही केल्या जुळेना, रात्री साडेनऊला तो शून्य सापडला. तेव्हापासून आकडे टाकताना जात नाही, फायली लावताना जाते.

तर विनंती एवढीच की एखाद्या रविवारी त्या टाइमटेबलच्या जागी एक कोरा चौकोन सोडा. जाहिरात नको, सुविचार तर नकोच.

मुलीला रात्री विचारलं, खिडकीबाहेर काय असतं गं एवढं? म्हणाली, सांगणार नाही. मी पण पुढे विचारलं नाही, शेऱ्याखाली सही केली आणि वही दप्तरात ठेवली.

आपली,
एक वाचक