हॅमॉकला पांघरूण खालून हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी कॅम्पिंगच्या जागांवरचा लेख वाचला. आमच्या भंडारदऱ्याचं वर्णन मनापासून केलं आहे. पण जलाशयाकाठी दोन झाडांत हॅमॉक, म्हणजे कापडाची झोळी, बांधा, सोबत एक जाड ब्लँकेट घ्या आणि चांदण्यांखाली झोपा, हा त्यातला सल्ला धोक्याचा आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

मी राजूरला शिवणकाम करते. थंडीच्या दिवसांत शनिवार-रविवारी एका कॅम्पवर भाकरी करायलाही जाते. पहाटे चूल पेटवायला गेलं की हॅमॉकमधली मंडळी आधीच तिथे येऊन बसलेली असतात. अंगावर दोन-दोन ब्लँकेटं, कानटोपी, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: वरून काही वाटलं नाही, पाठ आणि कंबर गारठली. तंबूत झोपलेले लोक त्याच वेळी घोरत असतात.

यामागचं कारण गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल. ऊब कापडात नसते, आत कोंडलेल्या हवेत असते. म्हणून तर कापूस पिंजून फुगवतात. हॅमॉकमध्ये आपण ब्लँकेटवर किंवा स्लीपिंग बॅगवर झोपतो तेव्हा अंगाच्या भाराखाली ती दबून पापडासारखी होते, आतली हवा निघून जाते. जमिनीवर झोपलेल्याच्या खाली निदान वारा नसतो. हॅमॉकखालून तो रात्रभर वाहतो आणि पातळ नायलॉनमधून पाठीची ऊब घेऊन जातो. त्यामुळे अठरा-वीस अंशांतसुद्धा माणूस हॅमॉकमध्ये कुडकुडतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा एक अंकी असतो, तेव्हाची गत सांगायला नको.

सगळ्यांत चांगला उपाय असा. पांघरूण हॅमॉकच्या बाहेर, खालून टांगायचं, म्हणजे ते अंगाखाली दबत नाही. याला अंडरक्विल्ट म्हणतात. बाजारात मिळते ती बहुतेक महाग असते, पण ती शिवायला अवघड नाही. मी माझ्या पुतण्यासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी शिवून दिल्या आहेत. साधारण दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद. बाहेरून वारा अडवणारं, दाट विणीचं नायलॉन, आत पॉलिस्टरचं भरण. कापूस नको, कारण तो दव पितो आणि ओला झाला की काही उपयोगाचा राहत नाही. भरण एकीकडे सरकू नये इतकेच टाके घालायचे. गोधडीसारखे दाट धावदोरे घातले की फुगवटा मरतो. दोन्ही लांब कडांना नेफा करून त्यातून नाडी ओवायची, आखूड कडांच्या नेफ्यात इलॅस्टिकची दोरी. चारही टोकं इलॅस्टिकनेच हॅमॉकच्या दोन्ही बाजूंच्या बांधाला अडकवायची.

बांधल्यावर आत झोपून दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा. पाठ आणि पांघरूण यांच्यामध्ये पोकळी राहिली तर तिथे गार हवा साचते. फार ताणून बांधलं तर पुन्हा तीच गत, भरण दबतं. पाठीला नुसतं टेकलेलं असावं. मान आणि पाय यांच्याकडची टोकं आवळून घ्यावीत, वारा तिथूनच शिरतो.

हे जमणार नसेल तर कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची फोमची चटई, चालेल. तिचा फोम अंगाखाली दबत नाही, त्यामुळे ती आत टाकली तरी काम करते. दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मध्ये सारावी, सरकत नाही. तिची रुंदी मात्र खांद्यांना पुरत नाही. एक जास्तीचा तुकडा खांद्यांखाली आडवा टाकावा लागतो. फार चालायचं नसेल तर धनगरी घोंगडीही खालून बांधता येते. वजनाला जड, पण लोकर दमट झाली तरी ऊब देते.

जागेबद्दलही बोलायला हवं. पाण्याकाठी फोटो सुंदर येतात आणि थंडीही तिथेच सगळ्यांत जास्त असते. वारा पडलेल्या रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन खाचरांत आणि पाण्याकाठी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं आपण हिवाळ्यात छापता, तिथली बाजारपेठ त्याहून उंचावर असूनही तिथे तसं सहसा होत नाही. काठापासून थोडं वर, झाडीच्या आडोशाला हॅमॉक बांधला तर पहाट बरीच सुसह्य होते. वर ताडपत्री हवीच, आकाश निरभ्र असेल तरीही. ती दव अडवते आणि उघड्या आकाशाकडे निघून जाणारी ऊबही राखते. तिची रुंद बाजू वाऱ्याकडे करून खाली ओढून घ्यावी. झाडाला सुतळी किंवा बारीक दोरी कधीही नको, साल कापली जाते. रुंद पट्टा वापरा आणि जांभूळ, हिरडा असं भक्कम झाड बघा. शेवगा ठिसूळ असतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. थंडी वाजते म्हणून काही ठिकाणी पाहुण्यांना निखाऱ्याची शेगडी देतात आणि ते ती ताडपत्रीच्या आत, हॅमॉकखाली ओढून घेतात. हे कृपया कुणीही करू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. शिवाय नायलॉनला ठिणगी लागली तर काय होतं हे मी रोज पाहते. कापड ओळखायला आम्ही एक धागा जाळून बघतो. सुताची राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि नायलॉन वितळून त्याचा थेंब होतो. तो थेंब अंगाला चिकटला तर कातडी सोलूनच निघतो. तंबूतसुद्धा शेगडी नकोच.

ऊब हवी असेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, पायमोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये किंवा पोटाशी धरा. दिवसभराच्या घामाचे कपडे बदलल्याशिवाय आत शिरू नका. रात्री पोटभर जेवा. नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर शेंगदाणे आणि गूळ. लघवीला जाऊन या, पहाटे उठायच्या कंटाळ्याने माणूस तासन् तास कुडकुडत पडून राहतो. आणि दारूने ऊब येते हा समज खोटा आहे. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते. एकतीस डिसेंबरला हे सांगूनही कुणी ऐकत नाही, म्हणून आपल्या वर्तमानपत्रातून सांगितलं जावं असं वाटतं.

कॅम्प चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की हॅमॉक भाड्याने देताना खालचं पांघरूण त्यासोबतच द्यावं, मागायची वेळ पाहुण्यावर आणू नये. आणि संपादक महोदय, पुढच्या वेळी अशा जागांची यादी छापाल तेव्हा शेजारी चौकटीत वरचं माप द्यावं. मशीन गावोगाव आहे, नेफा आणि नाडी प्रत्येक शिवणारीला येते. राजूर, शेंडी, रतनवाडीकडच्या बायकांना हिवाळ्याच्या तोंडावर हे काम मिळालं तर पाहुण्यांची सोय होईल आणि त्यांच्या हाती चार पैसेही येतील.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर