दुर्बीण तपासणीची गुंगी : चहाचा घोटही लपवू नका

महोदय,

पोटाची दुर्बीण तपासणी ठरली की नातेवाईक आधी विचारतात, ‘भूल देणार ना?’ शेवटचं काय आणि कधी खाल्लं, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ‘उपाशीच आहे, नुसता चहा घेतलाय’ या वाक्याची आम्हां भूलतज्ज्ञांना सर्वांत जास्त धास्ती वाटते. दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात जेवणच. त्यानंतर ६ तास थांबावं लागतं. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. रात्री तर्रीदार शेवभाजी झाली असेल तर ८ तास धरा. गुंगीत ठसका मंदावतो, पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

जठराच्या तपासणीला अनेकांना घसा बधिर करणारा लिग्नोकेनचा फवारा पुरतो. भीती फार असेल तर शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध, १ ते २ मिलिग्रॅम. वृद्धांना त्याहून कमी. पुढचा डोस २-३ मिनिटं थांबून, परिणाम पाहूनच. घाई केली की दोन्ही डोस एकदम चढतात. मिडाझोलामला फ्लुमाझेनिलचा उतारा आहे, प्रोपोफोल या भुलीच्या औषधाला उताराच नाही. त्याने झोप छान लागते, पण झोप आणि श्वास थांबणं यांत अंतर फार थोडं. म्हणून दुर्बीण धरणारा आणि श्वासावर लक्ष ठेवणारा अशी दोन वेगळी माणसं हवीतच. खर्चासाठी यात काटछाट नको. दुर्बीण धरणाऱ्याची नजर पडद्यावर असते. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा उशिरा घसरतो, नाकात ऑक्सिजन चालू असेल तर आणखीच उशिरा. छाती हलायची थांबली, हे शेजारी उभ्या माणसाला आधी कळतं. कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, असला तर फारच बरं. घशातला स्राव ओढणारं सक्शन आणि हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग हाताशी तयार हवी, कपाटात नव्हे.

आपल्या खान्देशात आणखी काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. गुटख्याने तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर श्वास अडल्यावर नळी घालणं कठीण होतं. नंदुरबारकडच्या आदिवासी रुग्णांनी सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असल्यास ते सांगावं, कार्ड असेल तर सोबत आणावं. ऑक्सिजन घसरणं, शरीरातलं पाणी कमी होणं आणि थंडी या तिन्हींनी त्रास उसळतो. मे महिन्याच्या उन्हात मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी जुलाबाचं औषध घेतलेला माणूस कोरडा पडलेला असतो. प्रोपोफोल देताच बीपी कोसळतो. ठरलेल्या वेळेपर्यंत पाणी पीत राहा, गरज असेल तर आधी सलाईन लावून घ्या.

तपासणीनंतर माणूस लवकर बोलू लागतो, ‘मी बरा आहे’ म्हणत मोटरसायकलची किल्ली मागतो. ती देऊ नका. २४ तास गाडी नाही, शेतातलं यंत्र नाही, कागदावर सही नाही. घसा बधिर असेपर्यंत पाणीही नको. मिडाझोलामनंतर सांगितलेलं बरंचसं आठवत नाही, म्हणून औषधांच्या सूचना डॉक्टरांनी सोबतच्या माणसाच्या हाती लिहूनच द्याव्यात.

— एक भूलतज्ज्ञ, जळगाव