पैसे भरण्याआधी एवढं वाच

लंडन, रविवार

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पन्नाशीनंतर नोकरीतून मोकळं व्हावं असं तुला वाटतं, त्याला कुणी हाव म्हणू नये. मीही म्हणणार नाही. पण त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ३ लाख भरण्याआधी एवढं वाच.

'संस्थांच्या कोट्यातून सवलतीत आयपीओ', म्हणजे कंपनी पहिल्यांदाच विकायला काढते ते शेअर, असं ग्रुपवाल्यांनी तुला सांगितलंय. मोठ्या गुंतवणूक संस्थांसाठीचा तो कोटा असा ग्रुपमध्ये वाटता येत नाही. आयपीओचा अर्ज 'आस्बा' नावाच्या पद्धतीने होतो. पैसे तुझ्याच बँक खात्यात अडकवून ठेवले जातात आणि शेअर मिळाले तरच वळते होतात. त्यामुळे 'या खात्यावर पाठवा' असं कुणी म्हणालं की तिथेच थांब. ते खातं बहुतेक वेळा कुणा तिऱ्हाइताच्या नावावर असतं, आणि दर वेळी नवं.

त्यांच्या ॲपमध्ये दिसणारा नफा हा नुसता पडद्यावरचा आकडा असतो. खरोखर घेतलेला शेअर सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, तुझ्या डीमॅट खात्यात दिसलाच पाहिजे. तो तिथे स्वतः लॉगिन करून बघ, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नको. पहिले ५ हजार परत मिळाले म्हणून खात्री पटवून घेऊ नकोस, ते मुद्दामच देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी २० टक्के कर भरा' असा निरोप येतो. शेअरच्या नफ्यावरचा कर आपण थेट सरकारला भरतो. आपलेच पैसे सोडवायला ब्रोकरला आगाऊ कर द्यावा लागत नाही.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नोंदणी क्रमांक दाखवला तरी भुलू नकोस, खऱ्या कंपनीचा क्रमांक उचलून लावतात. सेबीच्या साइटवर ते नाव शोध आणि तिथे दिलेल्या फोनवरच विचार. कुठल्या खात्यात पैसे जाणार आहेत तेही सेबीच्याच 'सेबी चेक' या सोयीवर तपासता येतं.

दादरच्या टोरेस ज्वेलरीच्या घोटाळ्याचं आठवत असेल. खड्यांवर आठवड्याला ६ टक्के, पुढे त्याहूनही जास्त. ६ टक्के धरले तरी वर्षाचे ३१२ टक्के होतात! जानेवारी २०२५ मध्ये सगळं कोसळलं. तिथे तर खरीखुरी दुकानं होती, सुरुवातीचे हप्तेही लोकांच्या खात्यात येत होते. म्हणून 'ऑफिसमधल्या एकाला मिळाले' यावर जाऊ नकोस. त्याला मिळाले ते मागून आलेल्यांचेच.

वहिनी म्हणते तसं सगळंच एफडीत ठेवणंही मला पटत नाही. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत घरखर्च दुप्पट होतो. सहा महिन्यांचा खर्च एफडीत ठेवा, एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या आत, कारण ठेव विमा तेवढाच आहे. बाकीचं इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, तेही एजंटशिवायच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. महिना १५ हजारांची एसआयपी, हप्त्यात दर वर्षी १० टक्के वाढ आणि वर्षाचा परतावाही १० टक्के धरला, तर १५ वर्षांत साधारण १ कोटी १० लाख होतात. हा नुसता हिशेब आहे, हमी कुणीच देऊ शकत नाही. आजच्या ४० हजारांच्या घरखर्चाला एवढे एकटे पुरणार नाहीत, पीएफची जोड लागेल. म्हणजे पन्नाशीला नोकरी सोडणं अवघड दिसतं, पण १५ वर्षांनी, सत्तावन्नला, अर्धवेळ काम घेण्याइतकी मोकळीक नक्की मिळू शकते. आणि एफ अँड ओच्या, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांच्या, वाटेला जाऊ नकोस. सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात असे सौदे करणाऱ्या शंभर सामान्य लोकांतले ९३ जण तोट्यात निघाले.

तू आधीच काही पाठवलं असशील तर लाजू नकोस. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, पैसे पाठवल्याचा यूटीआर (व्यवहार) क्रमांक हाताशी ठेव, चॅट पुसू नकोस. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते गोठवता येतात, त्यामुळे तास-दोन तासांनीही फरक पडतो. 'फी द्या, बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणाऱ्यांना मात्र दारातही उभं करू नकोस.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर सीडीएसएलचं लॉगिन आपण मिळून करू. पॅन कार्ड आणि डीमॅटचा क्रमांक जवळ ठेव. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी